कर्मचाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य : लहान आणि मध्यम उद्योगांना पडणारे प्रश्न

चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज, बुटीबोरी यांसारख्या औद्योगिक वसाहतींतील कारखानदार, शहरांतील लहान कार्यालयांचे चालक आणि त्यांच्याकडे मनुष्यबळाचे काम पाहणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मोठ्या कंपन्यांत या कामासाठी स्वतंत्र विभाग आणि अंदाजपत्रक असते. वीस ते तीनशे माणसांच्या आस्थापनेत मात्र हजेरी, पगार, बस, कॅन्टीनची तक्रार आणि कोणाचे तरी रडू हे सगळे एकाच टेबलावर येऊन पडते. उत्तरे लिहिताना तेच टेबल डोळ्यांसमोर ठेवले आहे.

मानसिक स्वास्थ्य ही ज्याची त्याची घरची बाब आहे. मालकाने त्यात का पडावे?

घरातल्या कारणांवर मालकाकडे इलाज नसतो, हे मान्य. परंतु माणसाला किती काम दिले जाते, ते किती मुदतीत आणि कोणाच्या हाताखाली करायचे, चूक झाल्यावर त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलले जाते आणि दोन दिवसांची रजा मागताना त्याला किती वाकावे लागते, हे सर्व कामाच्या ठिकाणीच ठरते आणि ते ठरवणारा मालक किंवा त्याने नेमलेला माणूस असतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. शंभर माणसांच्या कारखान्यात सरासरीने दहा माणसे या मोजणीत बसतात, आणि त्यांतील बहुतेक जण कोणतेही औषधपाणी न घेता रोज सकाळी पंच करून आत येतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे नैराश्य आणि चिंताविकारांमुळे जगभरात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात. हा आकडा इतका मोठा आहे की त्याचा आपल्या शेडशी काही संबंध लागत नाही. म्हणून आपलाच हजेरीपट उघडावा, गेल्या वर्षी किती खाडे पडले ते मोजावे आणि अनुभवी माणूस सोडून गेल्यावर त्याच्या जागी आलेल्याचा हात बसायला किती महिने लागले ते आठवून पाहावे.

आम्ही योग दिन साजरा करतो, वर्षातून एकदा तज्ज्ञांचे व्याख्यान ठेवतो, सहलही नेतो. एवढे पुरेसे नाही का?

नाही. यातले काहीही वाईट नाही, पण मूळ दुखणे कामाच्या मांडणीत असेल तर याने ते हलत नाही. मी नोकरीत असताना एका कारखान्यात ताणतणाव व्यवस्थापनावरचे व्याख्यान संध्याकाळी पाच वाजता ठेवले होते आणि हजेरी सक्तीची होती. त्याच रात्री गाडी भरून माल पाठवायचा होता. दीर्घ श्वास कसा घ्यावा हे वक्ते सांगत असताना डिस्पॅचची चार माणसे मागच्या रांगेत बसून घड्याळाकडे पाहत होती. व्याख्यान सव्वासहाला संपले आणि ती माणसे रात्री दहापर्यंत खोकी भरत राहिली. व्याख्यानाचा वार्षिक अहवालात फोटो आला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. व्यक्तीला ताण सोसायला शिकवण्याबरोबरच कामाचा बोजा, वेळापत्रक, संवाद आणि सहभाग यांत बदल करणे आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देणे यांवर त्यांत भर आहे. अंदाजपत्रकात एकाच गोष्टीपुरते पैसे असतील, तर ते सुपरवायझर आणि लाईन लीडर यांच्या प्रशिक्षणावर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कामगाराला कंपनीचे धोरण माहीत नसते, त्याला त्याचा सुपरवायझर माहीत असतो.

साधा ताण, ‘बर्नआउट’ आणि मानसिक आजार यांत फरक काय?

मार्चअखेरीला लेखा विभागात येतो तो ताण बहुधा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उतरतो, माणूस दोन दिवस झोपतो आणि पूर्ववत होतो. ताण महिनोन्‌महिने चालू राहिला आणि त्यावर काहीच उपाय झाला नाही, तर जी अवस्था येते तिला बर्नआउट म्हणतात. सतत थकवा, कामाविषयी तुटकपणा किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, ही तिची तीन अंगे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आजार म्हणून केलेली नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून केली आहे. त्यामुळे त्याचा इलाज शोधताना आधी कामाकडे पाहावे लागते. नैराश्य, चिंताविकार, द्विध्रुवीय विकार (बायपोलर, म्हणजे कधी टोकाचा उत्साह तर कधी टोकाची उदासी), स्किझोफ्रेनिया हे मात्र वैद्यकीय आजार आहेत, त्यांना उपचार आहेत आणि उपचार घेणारी असंख्य माणसे व्यवस्थित नोकरी करीत आहेत.

हा भेद ओळखणे व्यवस्थापकाचे काम नाही. त्याने बदल ओळखावा, निदान डॉक्टरांवर सोडावे.

बदल म्हणजे नेमके काय पाहायचे?

त्या माणसाच्या नेहमीच्या वागण्यापेक्षा वेगळे काय, एवढेच पाहायचे. मुळात अबोल असलेला माणूस गप्प बसला तर त्यात नवल नाही, पण जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना हसवणारा माणूस एकटाच डबा घेऊन पार्किंगमध्ये बसू लागला, तर ते पाहण्यासारखे आहे. कधीही दांडी न मारणाऱ्याचे खाडे पडू लागणे, सवयीच्या कामात माप चुकणे, तेच बिल तीनदा तपासणे, क्षुल्लक कारणावरून भांडण, वजन झपाट्याने उतरणे, दाढी आणि कपड्यांकडे दुर्लक्ष, शरीराच्या तक्रारी. शेवटची खूण आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे, कारण ‘मला उदास वाटते’ असे कोणी सहसा सांगत नाही. डोके दुखते, छातीत धडधडते, पित्त झाले, अंग मोडून आल्यासारखे वाटते, असे सांगितले जाते आणि प्रथमोपचाराच्या पेटीतली गोळी दिली जाते. त्याच तक्रारीसाठी महिन्यात पाचव्यांदा गोळी मागणारा माणूस दिसला, तर गोळ्यांच्या नोंदवहीने आपले काम केले असे समजावे.

त्याच्याशी बोलायचे कसे? विचारले तर त्याला राग येईल अशी भीती वाटते.

पहिली गोष्ट जागेची. काचेच्या केबिनमध्ये बोलावू नये, बाहेरून सगळे पाहत असतात आणि ‘याला काढणार’ अशी कुजबुज सुरू होते. चहाला जाताना किंवा प्लान्टभोवती फेरी मारताना बोलणे सोपे जाते, कारण शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही.

दुसरी गोष्ट सुरुवातीची. आपण जे पाहिले तेवढेच सांगावे, त्यावर निष्कर्ष चिकटवू नये. वयाने मोठ्या ऑपरेटरशी त्याचा सुपरवायझर असे बोलू शकतो : ‘मामा, पंधरा दिवसांत तुमचे तीन खाडे झाले. तुम्ही कधी दांडी मारत नाही. काल मापही दोनदा चुकलं. हे बोलणं हजेरीसाठी नाही, मला काळजी वाटली म्हणून विचारतोय. काही त्रास आहे का?’ यानंतर गप्प राहावे. ही शांतता फार लांबल्यासारखी वाटते आणि बहुतेक सुपरवायझर तिथेच घाबरून स्वतः बोलायला लागतात. ‘काही नाही साहेब’ असे उत्तर आले, तर ‘बरं, पण वाटलं तर सांगा, मी आहे’ एवढे म्हणून थांबावे आणि आठवड्याने पुन्हा विचारावे. माणूस बहुधा दुसऱ्या वेळी बोलतो. पहिल्यांदा विचारणारा खरोखरच विचारत होता का, हे त्याला तोवर कळलेले असते.

‘मन घट्ट करा’, ‘टेन्शन कोणाला नाही’, ‘आमच्या वेळी तर’, ‘सकाळी लवकर उठून चालायला जा’ ही वाक्ये हेतू चांगला असला तरी दार बंद करतात. त्याऐवजी ‘कामात माझ्याकडून काय सोपं करता येईल?’ असे विचारावे, कारण तेवढे खरोखर आपल्या हातात असते.

बोलताना त्याने जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केली तर?

ती गंभीरपणे घ्यावी, ‘उगाच बोलतो’ असे कधीही समजू नये. आत्महत्येचे विचार येतात का, असे थेट आणि शांतपणे विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट, कोणाला तरी सांगता आले याने त्या माणसाला बहुधा हायसे वाटते. त्याला एकटे सोडू नये. त्याच्या विश्वासातल्या घरच्या माणसाला त्याला सांगूनच बोलवावे. ‘टेली मानस’ या केंद्र सरकारच्या विनामूल्य सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तेथे दिवसरात्र, मराठीतही बोलता येते. धोका तातडीचा वाटत असेल तर ११२ वर फोन करावा किंवा सरळ जवळच्या रुग्णालयात घेऊन जावे. गुप्ततेचे वचन अशा वेळी देऊ नये. ‘हे मी चारचौघांत बोलणार नाही, पण मदत मिळवण्यासाठी एखाद्याला सांगावं लागेल’ असे प्रामाणिकपणे सांगावे.

पोलीस केसच्या भीतीने अनेकदा रुग्णालयात नेण्यात दिरंगाई होते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर त्यासाठी खटला चालवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे दंड संहितेतले जुने कलम ३०९ घेतलेलेच नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अपवाद आहे.

मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांपैकी कोणाकडे पाठवावे?

मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि तो औषधे लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि संवादातून उपचार करतो, औषधे देत नाही. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही. समुपदेशक हा शब्द मात्र सैल वापरला जातो, चार दिवसांचा अभ्यासक्रम केलेली व्यक्तीही तो लावते, त्यामुळे कारखान्यासाठी कोणाला नेमताना शिक्षण आणि अनुभव नीट पाहावा. झोप उडणे, भास होणे, आत्महत्येचे विचार, महिनाभर कामच न सुचणे अशा स्थितीत आधी डॉक्टर, हा साधा नियम पुरतो.

आम्हाला समुपदेशक परवडत नाही. मग काय करावे?

वर सांगितलेली टेली मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, ती फुकट आहे. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली बाह्यरुग्ण सेवा मिळते, आणि पुणे येथील येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ‘येरवडा’ म्हटले की आपल्याकडे चेष्टा होते हे खरे, आणि त्या चेष्टेमुळेच माणसे तेथे जात नाहीत. कामगाराला नाव सुचवताना ‘तिथे रोज ओपीडी चालते, तुमच्यासारखे कितीतरी जण औषध घेऊन कामावर जातात’ एवढे सांगितले तरी फरक पडतो.

परवडत असेल तर चार-पाच शेजारच्या आस्थापनांनी मिळून एक समुपदेशक आठवड्यातून एक दिवस नेमावा. मात्र त्याला प्रशासकीय इमारतीत, एचआरच्या शेजारची खोली देऊ नये. त्या खोलीत जाणारा माणूस कोणाला दिसणार, याचा विचार खोली देण्याआधी करावा.

बाहेरच्या संस्थेकडून ‘कर्मचारी साहाय्य’, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची, सेवा घेतल्यास तिचा अहवाल नावाशिवाय येतो, परंतु चाळीस माणसांच्या कार्यालयात ‘लेखा विभाग, महिला, वय ३० ते ३५’ अशी ओळ आली की ती कोण हे सर्वांना कळते. लहान आस्थापनांनी विभागवार तपशील मागूच नये.

कर्मचारी राज्य विमा आणि आरोग्य विमा यांत मानसिक आजार येतो का?

येतो, आणि हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले आणि विमाधारक असलेले कामगार कर्मचारी राज्य विम्याच्या, म्हणजे ईएसआयच्या, दवाखान्यात मानसिक आजारावरही उपचार घेऊ शकतात. प्रमाणित आजारपणात वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने लाभ मिळतो. त्याखेरीज दीर्घकालीन आजारांची एक यादी आहे, तिच्यात स्किझोफ्रेनिया आणि तीव्र नैराश्याचे काही प्रकार यांसारख्या मानसिक आजारांचा समावेश आहे. सलग दोन वर्षांची विमायोग्य नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी या अटी पूर्ण असतील तर त्या यादीतील आजारांसाठी ८० टक्के दराने वाढीव लाभ मिळतो. कामगाराला हे सांगणे टाइम ऑफिसचे, म्हणजे हजेरी पाहणाऱ्या विभागाचे, काम आहे. बहुतेक ठिकाणी तो बिचारा बिनपगारी राहतो.

खासगी आरोग्य विम्याबाबत २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २१(४) स्पष्ट आहे : शारीरिक आजारासाठी ज्या आधारावर विमा दिला जातो त्याच आधारावर मानसिक आजारासाठीही दिला पाहिजे. विमा नियामकानेही ऑगस्ट २०१८ मध्ये सर्व कंपन्यांना तसे निर्देश दिले. तरीही गट विम्याचे नूतनीकरण करताना वगळलेल्या बाबींचे पान स्वतः वाचावे आणि भरती न होता घेतलेल्या उपचारांचा, म्हणजे ओपीडीतील सल्ल्याचा व औषधांचा, खर्च मिळतो का ते एजंटाकडून लेखी घ्यावे. मानसोपचारात बराचसा खर्च तिथेच होतो.

रजेच्या प्रमाणपत्रावर आजाराचे नाव मागता येते का?

मागण्याची गरज नाही. ‘रुग्ण माझ्या उपचाराखाली असून अमुक दिवस विश्रांती आवश्यक आहे’ एवढे प्रमाणपत्र रजा मंजूर करण्यास पुरते. उपचारांविषयीची गोपनीयता हा २०१७ च्या कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे, आणि डॉक्टरने कर्मचाऱ्याच्या संमतीशिवाय मालकाला फोनवर काही सांगू नये. मानसोपचारतज्ज्ञाच्या लेटरहेडवरूनच सगळे उघड होते, ही अडचण खरी आहे. म्हणून प्रमाणपत्र बंद लिफाफ्यात एकाच ठरलेल्या व्यक्तीकडे द्यावे आणि रजेच्या नोंदवहीत फक्त ‘वैद्यकीय’ असा शेरा असावा. एका ठिकाणी मी रजेच्या एक्सेल फाइलमध्ये ‘कारण’ हा स्तंभ पाहिला होता. ती फाइल सर्व विभागप्रमुखांना दर सोमवारी जात असे, आणि एका मुलीच्या नावापुढे ‘डिप्रेशन’ असे लिहिलेले होते. फाइल भरणाऱ्या कारकुनाच्या मनात काही वाईट नव्हते, त्याला रिकामा रकाना चालत नसे.

मानसिक आजार आहे म्हणून कामावरून कमी करता येते का?

केवळ त्या कारणासाठी तसे करणे अन्यायाचे तर आहेच, कायद्यानेही अंगाशी येऊ शकते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि मानसिक आजार त्यांपैकी एक आहे. अर्थात चार दिवसांचा ताण त्या व्याख्येत बसत नाही, विचार, भावस्थिती किंवा निर्णयशक्ती यांत लक्षणीय बिघाड असावा लागतो. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढू किंवा खालच्या पदावर आणू नये, ही तरतूद शासकीय आस्थापनांसाठी आहे. समान संधी धोरण जाहीर करण्याचे बंधन मात्र खासगी आस्थापनांनाही आहे, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असल्यास त्या धोरणात सविस्तर तपशील आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक अपेक्षित आहे. आपल्याकडे हे धोरण आहे का, असे विचारल्यावर बहुतेक मालक वकिलाकडे पाहतात.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मानसिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीवर शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभावाचाच एक प्रकार आहे, कारण अशा व्यक्तीच्या हातून नियमभंग होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. निकाल सरकारी नोकरीतला असला तरी खासगी आस्थापनेने त्यातला विचार घ्यावा : पहिली मेमो काढण्याआधी ‘हे आजारामुळे तर झाले नाही ना?’ हा प्रश्न फाइलवर एकदा तरी यावा.

उपचार घेणाऱ्या माणसासाठी कामात कोणत्या सोयी कराव्यात?

त्यालाच विचारावे. बहुतेक मागण्या अगदी लहान असतात : सकाळच्या औषधाने गुंगी येते म्हणून एक तास उशिरा येण्याची मुभा, पंधरा दिवसांतून एकदा डॉक्टरकडे जाण्यासाठी अर्धा दिवस, गोंगाटाच्या जागेपासून दूर टेबल, तोंडी सूचनांऐवजी कागदावर लिहिलेली कामाची यादी. औषध नव्याने सुरू झाले किंवा मात्रा बदलली तर पहिले काही आठवडे पॉवर प्रेस, क्रेन किंवा फोर्कलिफ्टवर काम द्यावे की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. तात्पुरती जागा बदलताना पगारी दर्जा तोच ठेवावा, नाहीतर पुढचा माणूस औषध लपवील.

दीर्घ रजेवरून परतणाऱ्याला पहिल्या दिवशी तुंबलेले काम पुढ्यात टाकू नये. सहकाऱ्यांना काय सांगायचे, हे त्याच्याशीच आधी ठरवावे.

रात्रपाळीचे काय? ती तर बंद करता येत नाही.

बंद करता येत नसली तरी तिची मांडणी बदलता येते, आणि कारखान्यात मनःस्वास्थ्यासाठी करण्यासारख्या गोष्टींत मी हिला सर्वांत वर ठेवतो. पाळ्या पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमाने पुढे सरकवल्या तर शरीराला जुळवून घेणे सोपे जाते, उलट क्रमाने फिरवल्या तर कठीण.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे दुसरी पाळी संपवून दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला बोलावणे. एक साधा हिशेब करून पाहा. पाळी रात्री अकराला सुटते, कपडे बदलून बस निघते साडेअकराला, शेवटच्या नाक्यावरचा माणूस सव्वाबाराला घरी पोचतो, जेवून आडवा होईपर्यंत एक वाजतो. सकाळी सातच्या पाळीसाठी त्याला पावणेसहाला त्याच नाक्यावर उभे राहायचे असते. झोप चार तास, तीही झोप लागली तर. कागदावर दोन पाळ्यांत आठ तासांचे अंतर दिसते आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. ओटीसाठी, म्हणजे जादा कामाच्या पैशांसाठी, कामगार स्वतःच असे करायला तयार होतो, हे उत्तर मला वारंवार मिळते. तो तयार होतो कारण त्याला हप्ता भरायचा असतो. नियम मालकाने करायचा असतो.

द्विध्रुवीय विकाराचे उपचार घेणाऱ्यांसाठी झोपेतला खंड विशेष घातक ठरू शकतो. डॉक्टरांनी रात्रपाळी नको असे लिहून दिले, तर त्यावर घासाघीस करू नये.

सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी खाडे पडतात. हा दारूचा प्रश्न आहे की मानसिक स्वास्थ्याचा?

दोन्ही, आणि अनेकदा कोण कोणाच्या मागून आले हे सांगता येत नाही. पुणे परिसरात जेथे गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते तेथे हा खाडा शुक्रवारी दिसतो. मालक प्रथम दुर्लक्ष करतो, मग दमदाटी करतो आणि शेवटी काढून टाकतो. या दोन टोकांच्या मधला मार्ग म्हणजे नोकरी शाबूत ठेवून उपचाराची लेखी अट घालणे. १९८६ पासून पुण्यात काम करणाऱ्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या संस्था आहेत, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभा अनेक गावांत विनामूल्य भरतात. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याला ‘उद्यापासून सोड’ असे दरडावू नये, एकाएकी सोडल्याने फिट येणे किंवा भ्रमिष्टपणा असे जिवावरचे प्रकार होऊ शकतात, म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी. नोकरी जाण्याची खरी भीती आणि परत घेण्याचे खरे आश्वासन, दोन्ही एकाच पत्रात असावीत.

कामाच्या वेळेनंतरच्या व्हॉट्सॲपवर बंदी घालावी का?

सरसकट बंदी टिकत नाही. तातडीचे म्हणजे काय, हे ठरवावे आणि तातडीचे असेल तर फोन करावा, निरोप टाकू नये. म्हणजे इतर निरोप सकाळी वाचले तरी चालतात, हे सर्वांना कळते. निरोप कसा लिहिला आहे यानेही खूप फरक पडतो. रात्री साडेदहाला साहेबांकडून आलेला ‘उद्या आल्यावर भेटा’ हा निरोप एखाद्याची पूर्ण रात्र खातो, आणि सकाळी कळते की कुरिअरची पावती हवी होती. ‘कुरिअरच्या पावतीसाठी उद्या आल्यावर भेटा’ असे लिहायला दोनच शब्द जास्त लागतात.

एखादा वरिष्ठ सर्वांसमोर अपमान करतो, पण काम उत्तम काढून घेतो. त्याला कसे आवरावे?

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ चा कायदा आहे आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. पाणउतारा, शिवीगाळ, मुद्दाम डावलणे यांसाठी तशी समिती कायद्याने सांगितलेली नाही, म्हणून आपल्या सेवानियमांत ते स्पष्ट लिहावे लागते. ‘काम उत्तम काढतो’ याचा हिशेबही एकदा मांडून पाहावा : त्याच्या हाताखालून दोन वर्षांत किती जण सोडून गेले, किती जणांनी बदली मागितली. मालकांना हा आकडा पाहून खरोखर आश्चर्य वाटते, कारण सोडून जाणारा प्रत्येक जण राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारण’ लिहून गेलेला असतो.

कामाच्या जागी अपघात झाला, सहकाऱ्यांनी तो पाहिला. त्यांच्यासाठी काय करावे?

त्याच दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून ‘काय पाहिले, काय वाटले’ असे सांगायला लावू नये. अशा सक्तीच्या बैठका उपयोगी पडत नाहीत आणि जागतिक आरोग्य संघटनाही त्या करू नयेत असेच सांगते. लाईन थांबवावी, माणसांना घरी पोचवावे, जखमीची खरी खबर वेळोवेळी सर्वांना द्यावी, नाहीतर अफवा पसरतात. ज्याने मशीन बंद केले किंवा ज्याने हात बाहेर काढला त्याची वेगळी विचारपूस करावी, कारण बाकीचे जखमीला भेटायला जातात आणि हा माणूस विसरला जातो. त्याला त्याच मशीनवर उभे करण्याची घाई करू नये. महिनाभरानंतरही झोप लागत नसेल, प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, तर डॉक्टरकडे न्यावे.

कंत्राटी आणि परप्रांतीय कामगारांनाही हे लागू होते का?

माणूस म्हणून निश्चितच, आणि त्यांची गरज बहुधा जास्त असते. एका खोलीत आठ जण, घर दीड हजार किलोमीटरवर, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि आजारी पडल्यास त्या दिवसाची रोजी नाही. टेली मानस सेवा हिंदीसह अनेक भारतीय भाषांत चालते, हे त्यांना सांगावे. दिवाळी-छटपूजेच्या रजा आधी ठरवून तिकिटे काढण्याइतका वेळ देणे ही कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठी मदत आहे.

उपायांचा परिणाम झाला की नाही, हे कसे मोजावे?

‘तुम्ही किती आनंदी आहात?’ असे एक ते दहा गुणांचे प्रश्न वाटू नयेत. साहेबांनी वाटलेल्या कागदावर सगळेच आठ लिहितात. खाडे, नोकरी सोडण्याचे प्रमाण, ओटीचे तास, लहानमोठे अपघात आणि न वापरलेल्या रजा यांची तिमाही नोंद ठेवावी. रजांच्या कारणांवरूनही पुष्कळ कळते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ज्यांना लागू होतो त्यांना वर्षाला आठ नैमित्तिक रजा मिळतात, आणि त्या घेण्यासाठी माणसे आत्याला तिसऱ्यांदा आजारी पाडतात. ‘बरे वाटत नव्हते, घरी होतो’ एवढे कारण कोणी बिनधास्त लिहू लागले, तर काहीतरी बदलले असे समजण्यास हरकत नाही.

सूचना फलकावर काय लावावे?

तीन ओळी पुरतात : टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक, सेवा विनामूल्य आणि मराठीत आहे ही माहिती, आणि फोन केल्याचे कंपनीला कळत नाही हे वाक्य, ठळक अक्षरांत. उदास चेहऱ्याचे चित्र नको. फलक टाइम ऑफिसबाहेर किंवा कॅन्टीनमध्ये लावला तर त्याच्यासमोर कोणी थांबत नाही, कारण थांबलेला माणूस सर्वांना दिसतो. तो स्वच्छतागृहाच्या दारावर आतल्या बाजूने लावावा. तिथे कडी लावून, कोणी न पाहता, क्रमांक मोबाइलमध्ये उतरवून घेता येतो.